मे महिन्यात खणलेला खड्डा जुलैबद्दल काय सांगतो?

"टाकी मागच्याच साली उपसली, तरी संडासात पाणी खाली उतरत नाही."

भर जुलैत भीमाशंकरच्या आसपासच्या वाड्यांमध्ये फिरलात तर ही तक्रार कानावर पडतेच. बादलीभर पाणी ओतलं की ते भांड्यात वर चढतं, बुडबुडे येतात, मग अगदी सावकाश उतरतं. कधी उतरतच नाही. शेजारचा कुणीतरी सांगतो, टाकी भरली, गाडी बोलवा. रस्ता चालू असेल तर मैला उपसणारी गाडी येते, पैसे घेते, टाकी रिकामी करून जाते. (तो मैला पुढे कुठं रिकामा होतो हा वेगळाच विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवं.) आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

संशोधनाची तयारी करत असाल तर इथेच थांबा आणि कागद घ्या. घरात पाच माणसं आहेत. बादलीनं पाणी ओतायचं संडास आहे आणि आंघोळीचं पाणी वेगळं जातं. माणशी तीस लिटर धरलं तर दिवसाला दीडशे लिटर होतात. टाकी दीड हजार लिटरची असेल तर रिकामी टाकी भरायला दहा दिवस लागायला हवेत. चार दिवसांत घरातलं पाणी जातं सहाशे लिटर. मग उरलेलं नऊशे लिटर पाणी आलं कुठून?

या एका प्रश्नाचा पाठलाग केला की सेप्टिक टँक, पाऊस आणि जमीन यांचं सगळं गणित उलगडत जातं. आणि मी पहिल्या वर्षी केलेली चूक कुठली, तेही कळतं.

टाकी भरलेलीच असते

आधी एक गैरसमज दूर करू. सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायची टाकी नव्हे. ती नेहमी भरलेलीच असायला हवी. आत आलेल्या मैल्यातलं जड ते तळाला बसतं, हलकं आणि तेलकट ते वर साय धरतं, मधलं पाणी त्यातल्या त्यात निवळ. वरून जेवढं आत आलं तेवढंच निवळ पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपातून बाहेर पडतं आणि शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू पचवतात. म्हणजे टाकी फक्त निम्मं काम करते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. उरलेलं निम्मं काम, खरं तर जास्त महत्त्वाचं काम, शोषखड्ड्याभोवतीची जमीन करते.

भारतीय मानक आयएस २४७० याच विषयावर आहे. त्याचा पहिला भाग टाकीबद्दल आणि दुसरा भाग बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीबद्दल. गावात टाकी बांधताना पहिल्या भागातलं थोडंफार पाळलं जातं. दुसरा भाग मात्र कुणाच्या गावीही नसतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर लांब असावा असं त्यात आहे. उतारावरच्या वाडीत, चार गुंठ्यांच्या आत घर, गोठा आणि परसू असताना हे अंतर कुठून आणायचं, हे मानकात नाही.

आणि ज्याला आपण सेप्टिक टँक म्हणतो तो खरंच सेप्टिक टँक आहे का? प्रश्नावलीत "तुमच्याकडे सेप्टिक टँक आहे का?" असं विचाराल तर दहातले नऊ जण हो म्हणतील. त्यांतल्या कित्येकांच्या टाकीला तळच नसतो. काहींच्या भिंतीत विटा मुद्दाम फटी ठेवून रचलेल्या असतात. तो खड्डा असतो, टाकी नव्हे. म्हणून असं विचारा: तळाला काँक्रीट घातलं होतं का? बाहेर जाणारा पाइप आहे का, तो कुठं जातो? आणि जमलं तर घरमालकाला नाही, गवंड्याला विचारा. त्याला खरं उत्तर माहीत असतं, आणि काम त्यानंच केलेलं असलं तरी तो बहुधा खरंच सांगतो.

वाफसा आणि चिबड

आता जमिनीकडे. शेतकरी घरातले असाल तर 'वाफसा' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते, ती स्थिती म्हणजे वाफसा. शोषखड्ड्यालाही वाफसाच लागतो. पोकळ्यांत हवा असली की पाणी कणांना चिकटत, अडखळत, सावकाश खाली उतरतं. त्या प्रवासात जंतू कणांना चिकटून राहतात, दुसरे जीव त्यांना खातात, बरेचसे मरतात. जमीन चिबडली, म्हणजे सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की दोन गोष्टी एकदम बिघडतात. पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही. आणि जे थोडं शिरतं ते मोठ्या पोकळ्यांतून झपाट्यानं पुढे निघून जातं, जंतू न गाळता.

भीमाशंकर परिसरात ही चिबड दरवर्षी येते आणि महिनोन्‌महिने टिकते. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्याच आंबेगाव तालुक्यात पूर्वेला मंचरकडे उतरलात तर हा आकडा हजाराच्या बराच आत येतो. एकाच तालुक्यात, तासा-दीड तासाच्या अंतरावर, एवढा फरक. मंचरला नीट चालणारं डिझाइन आहुप्याला किंवा जुन्नरकडच्या घाटघरला जसंच्या तसं नेलं तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

त्यात खाली काळा दगड. दख्खनच्या बेसाल्टवर मातीचा थर उतारावर पातळ असतो, कुठं हातभर, कुठं कमरेएवढा. त्याखाली मुरूम, मग अखंड कातळ. पावसाचं पाणी मातीतून, मुरमातून उतरतं आणि कातळावर येऊन अडतं. मग ते उताराच्या दिशेनं आडवं वाहू लागतं. म्हणूनच जुलैत रस्त्याकडेच्या कापलेल्या भिंतींतून पाझर फुटलेले दिसतात. आता अशा उतारावर सहा फूट खोल शोषखड्डा खणा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो. जुलैत त्या आडव्या वाहणाऱ्या पाण्याच्या वाटेत तो विहिरीसारखा उभा असतो. त्यातलं पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचं पाणी आत येतं, खड्डा भरतो, आणि खड्ड्यातली पातळी पाइपाच्या वर गेली की ते उलट टाकीत शिरतं.

आपलं हरवलेलं नऊशे लिटर इथं सापडतं. सगळं नाही, पण बरंचसं.

एक साधी खूण सांगतो, ती मला पहिल्या वर्षी दिसूनही दिसली नव्हती. बऱ्याच घरांच्या शेजारीच भातखाचर असतं. भात लावण्याआधी चिखलणी करतात ती कशासाठी? मातीची घडण मोडून खाली घट्ट थर बसावा आणि पाणी जिरू नये म्हणून. म्हणजे बांधाच्या या बाजूला माणूस जमिनीत पाणी जिरू नये म्हणून राबतो आणि त्या बाजूला, पाच-दहा पावलांवर, तशाच जमिनीत पाणी जिरावं म्हणून खड्डा खणतो. खाचरात पाणी कुठल्या तारखेला उभं राहिलं आणि कधी हटलं, एवढं विचारलं तरी शोषखड्डा किती दिवस बंद असणार याचा पहिला अंदाज येतो.

माझी चूक

जमीन किती पाणी शोषते हे बघायची रूढ पद्धत सोपी आहे. ठरावीक मापाचा खड्डा खणायचा, पाणी भरून रात्रभर जमीन भिजू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचं. मी हे सगळं इमानेइतबारे केलं. कधी? एप्रिल-मे महिन्यात. कारण तेव्हा रस्ते चालू असतात, लोकांना वेळ असतो, खड्डा खणणं सोपं असतं आणि जूनमध्ये प्रगती अहवाल द्यायचा असतो. आकडे सुरेख आले. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "हे मेमध्ये मोजलंय, मग जुलैमध्ये काय होतं ते कसं कळणार?"

माझं उत्तर तयार होतं: पद्धतीतच जमीन आधी भिजवून घेतात ना! पण रात्रभर भिजवल्यानं खड्ड्याभोवतीची वीत-दोन वीत माती ओली होते. डोंगरभरच्या जमिनीतली पाण्याची पातळी त्यानं वर येत नाही. शोषखड्ड्यातून पाणी बाहेर जातं ते आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकामुळे. बाहेरची पातळी वर येऊन तो फरक शून्य झाला तर माती कितीही सच्छिद्र असो, पाणी हलणार नाही. मी मातीचा गुण मोजला होता. मोजायला हवी होती पाण्याची पातळी, आणि तीही भर पावसात.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर इथं लिहिली नसती. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण बघा. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हे सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. त्याला कारणं आहेत, मनुष्यबळ आहे, रस्ते आहेत, ते मला मान्य. पण बिघाड घडतो तो मधल्या चार महिन्यांत. केंद्रीय भूजल मंडळ विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं आणि त्यात ऑगस्टही असतो, पण त्यांच्या निरीक्षण विहिरी तुमच्या वाडीत असतीलच असं नाही. तुम्ही संशोधनासाठी तयार आकडेवारी घेणार असाल तर आकड्याआधी महिना बघा.

छपराचं पाणी, आणि तरंगणारी टाकी

सगळा दोष भूजलाला देऊन चालणार नाही. नऊशेतला काही वाटा छपराचा असतो. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर पाणी होतं. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', त्यापुढे 'अति जोरदार', आणि २०४.४ च्या वर गेलं की सगळ्यात वरची पायरी. घाटमाथ्यावर जुलैत १०० मिलिमीटरचा दिवस ही बातमी नसते. आता पागोळ्या टाकीच्या झाकणावर किंवा शोषखड्ड्याच्या भरावावर पडत असतील आणि त्या पाच हजारांतला फक्त पाचवा हिस्सा आत मुरला, तरी हजार लिटर झाले. म्हणजे घरातल्या जवळजवळ आठवडाभराच्या वापराएवढं पाणी एका दिवसात.

टाकीत तळाचा गाळ सोडून हजार लिटर जागा आहे असं धरा. एरवी दिवसाला दीडशे लिटर येतात, म्हणजे पाण्याला आत सहा-सात दिवस मिळतात. त्यात हजार लिटर पावसाचं आलं की मुक्काम एका दिवसाच्या आत येतो. गाळ बसायला वेळच मिळत नाही, उलट बसलेला ढवळला जातो आणि शोषखड्ड्यात वाहून जातो. तिथं तो भिंतींवर काळपट चिकट थर धरतो. हा थर पाऊस थांबल्यावर आपोआप जात नाही. म्हणून काही घरांत तक्रार नोव्हेंबरातही चालूच राहते आणि लोक म्हणतात, "पावसाचा काय संबंध, आता तर ऊन आहे."

आणि भर पावसात टाकी पूर्ण उपसायची नाही, याचं कारण आर्किमिडीजनं सांगून ठेवलंय. दोन हजार लिटरची तयार प्लास्टिकची टाकी स्वतः असते शंभर किलोच्या आत-बाहेर. भोवतीची जमीन पाण्यानं तुडुंब भरली असेल तर पाणी तिला जवळजवळ दोन टन जोरानं वर ढकलतं. आत पाणी असेपर्यंत ती जागेवर राहते. रिकामी केली की उचलली जाते, पाइप तुटतात. काँक्रीटची टाकी सहसा उठत नाही, पण विटांच्या भिंतीला तडा जाऊ शकतो. आणि हे तर कुठल्याही ऋतूत: उघड्या टाकीत वाकून बघायचं नाही, नमुना घ्यायलासुद्धा नाही. आतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. लांब दांड्याला बाटली बांधा आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहा.

खालच्या वाडीतली विहीर

संडास तुंबणं ही त्या घराची अडचण. पण शोषखड्ड्यातलं न गाळलेलं पाणी कातळावरून आडवं वाहत खालच्या झऱ्याला किंवा विहिरीला मिळालं तर ती खालच्या वाडीची अडचण होते. हे सिद्ध कसं करायचं?

इथं दोन सापळे आहेत. पहिला, पातळ होण्याचा. सांडपाण्याची खूण म्हणून क्लोराइड आणि नायट्रेट मोजतात. पावसाळ्यात विहिरीत इतकं नवं पाणी येतं की दोन्हींचं प्रमाण उतरतं, आणि तक्त्यात जुलैचं पाणी मेपेक्षा 'शुद्ध' दिसतं! जंतूंची संख्या त्याच वेळी वाढलेली असू शकते. म्हणून एकाच मापावर विसंबू नका, आणि जमेल तिथं झऱ्याचा प्रवाहही मोजा. दुसरा सापळा ई. कोलायचा. तो माणसाच्या विष्ठेत असतो तसा गाई-म्हशींच्या शेणातही. ज्या घरात गोठा आणि संडास भिंतीला भिंत लावून आहेत तिथं नुसता ई. कोलाय काहीच ठरवत नाही. माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीस गटाच्या जिवाणूंची जनुकीय खूण शोधता येते, पण ती चाचणी महाग आहे आणि नमुना बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. पुणं इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. घाटात धुकं, रस्त्यावर झाड पडलेलं. प्रस्ताव लिहिताना हे तास मोजा.

ई. कोलाय सापडला नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी शिरलं. पाण्यात क्लोरीन वाढवलं गेलं, विषमज्वर फारसा वाढला नाही, पण काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण झाले. जिवाणू मेले, विषाणू तगला. जवळजवळ चाळीस वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले आणि ती हिपॅटायटिस ई होती हे दाखवलं. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की झालं असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. आणि नमुने फेकून द्यायला निघालेल्या मित्रांनाही.

महाशिवरात्र आणि श्रावण

या परिसरानं मला एक गोष्ट फुकटात दिली आहे. ती इतकी सरळ आहे की दिसायला दीड वर्ष लागलं. भीमाशंकर ज्योतिर्लिंग आहे. वर्षात दोनदा मोठी गर्दी होते, महाशिवरात्रीला आणि श्रावणात. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन कोरडी. श्रावण जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन तुडुंब. दोन्ही वेळी वाटेवरच्या घरगुती खाणावळींत, राहायची सोय करणाऱ्या घरांत संडासाचा वापर कित्येक पटींनी वाढतो. वापर वाढल्यामुळे यंत्रणा तुंबते की पावसामुळे, हे वेगळं करायला यापेक्षा चांगला प्रयोग मला आखता आला नसता.

अर्थात तुलना साफ नाही. महाशिवरात्रीची गर्दी दोन-तीन दिवसांची, श्रावणाची महिनाभर, त्यात सोमवारी उसळी. फेब्रुवारीत पाण्याची टंचाई सुरू झालेली असते, म्हणून माणूस पाणी कमी ओततो. मी यासाठी श्रावणातल्या एका सोमवारची तुलना शिवरात्रीच्या दिवसाशी करायची आणि प्रत्येक घरात ओतलेल्या बादल्या मोजायच्या असं ठरवलंय. बादल्या मोजायचं काम घरातली माणसं करतात, दारामागे खडूनं रेघा ओढून. माझ्या महागड्या उपकरणापेक्षा त्या रेघा जास्त भरवशाच्या आहेत.

पाण्याची पातळी मोजायला शोषखड्ड्याजवळ छिद्रांची नळी मे महिन्यातच पुरून ठेवायची आणि आत पातळी नोंदवणारं उपकरण सोडायचं. मग धोक्याच्या इशाऱ्याच्या दिवशी तिथं जायची गरज नाही. हे मी मुद्दाम लिहितो. ३० जुलै २०१४ ला याच तालुक्यात माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. इथली माणसं जुलैतला रात्रीचा पाऊस वेगळ्या कानांनी ऐकतात. आकड्यांसाठी त्या रात्री त्यांच्या दारात जाऊन उभं राहू नका.

"मग आम्ही जायचं कुठं?"

एका घरी मी हे सगळं आकृती काढून समजावलं. घरातल्या आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी पावसाळ्यात ते चालायचंच न्हाई. मग आम्ही जायचं कुठं? चिखलात, जळवांत, अंधाराचं?" त्या जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळचं पाणी पीत नव्हत्या, रात्री उठायला लागू नये म्हणून. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता. आता आहे.

उपाय पुस्तकात आहेत. पाणी वर येणाऱ्या जमिनीत खड्डा खोल न खणता उथळ ठेवायचा, जमिनीच्या वर उचलायचा, भोवती भराव आणि वाळूचा थर द्यायचा. मी तेच सुचवलं. सुनेनं लगेच हिशेब केला: खड्डा वर आला म्हणजे संडासही वर येणार, म्हणजे तीन-चार पायऱ्या. आजींचे गुडघे गेलेत. पावसात निसरड्या पायऱ्या चढायच्या त्यांनी कशा?

तेव्हा सध्या एवढंच केलंय. पन्हळ फिरवून छपराचं पाणी दुसऱ्या बाजूला काढलं. शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला चर खणून तो बाजूच्या ओहोळाला जोडला, म्हणजे डोंगराकडून येणारं पाणी खड्ड्याला वळसा घालून जाईल. झाकणाच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. टाकीतला गाळ उन्हाळ्यातच काढला. चर किती खोल हवा यावर माझं आणि सुनेच्या नवऱ्याचं एकमत झालं नाही. मी मुरमापर्यंत म्हणत होतो, त्याचं म्हणणं कातळ लागेपर्यंत. तो कातळापर्यंत खणून मोकळा झाला. नळी पुरली आहे, उपकरण ऑक्टोबरात काढायचं आहे.